बारा नावं, अकरा फुल्या

बास्केटबॉलच्या स्कोअरशीटवर प्रत्येक खेळाडूच्या नावापुढं एक लहानसा चौकोन असतो. प्रेक्षकांना तो कधी दिसत नाही. खेळाडू त्या सामन्यात पहिल्यांदा मैदानावर उतरली की टेबलावर बसलेला स्कोअरर त्या चौकोनात फुली मारतो. जी सबंध सामना बाकावरच बसून राहिली, तिचा चौकोन रिकामा राहतो. बस, एवढंच. पण माझ्या सगळ्या खेळण्याचा विचार करायला बसले की पदकं आठवत नाहीत, तो चौकोन आठवतो.

मी चौदा वर्षं एका सरकारी खात्याच्या महिला संघातून खेळले. त्यातली शेवटची सहा वर्षं कर्णधार होते. पोझिशन गार्ड. म्हणजे चेंडू पुढं घेऊन जाणारी, कुणाला द्यायचा ते ठरवणारी. उंची पाच फूट तीन इंच. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या ऑफिसात कपाटावरची फाइल काढायची असली की मोठे साहेब हटकून मला बोलवायचे, "अहो, त्या बास्केटबॉलवाल्या बाईंना सांगा." मग मी स्टुलावर चढून फाइल काढायची आणि माझ्याहून वीतभर उंच शिपाई स्टूल धरून उभा राहायचा.

व्यावसायिक खेळाडू म्हटलं की लोकांना काहीतरी झगमगीत वाटतं. आमचा व्यवसाय असा होता: सकाळी साडेपाचला गारखेड्याच्या क्रीडा संकुलात सराव, साडेदहाला मस्टरवर सही, दुपारपर्यंत आवक-जावकच्या टेबलावर टपाल नोंदवायचं, चारला परत सराव. वर्षातून एकदा खात्यांची अखिल भारतीय स्पर्धा. नोकरी खेळावर मिळालेली आणि खेळ नोकरीवर टिकलेला. यातलं एक सुटलं की दुसरंही जातं, हे आम्हा सगळ्याजणींना पक्कं माहीत होतं.

मला याद्या करायची सवय लहानपणापासूनची. संघात आल्यावर ती कामाला आली. दौऱ्याच्या सामानाची माझी यादी सदतीस वस्तूंची होती आणि त्यात सेफ्टी पिना, सुतळी, मेतकूट आणि जास्तीच्या दोन बनियन हे कायम. मुली चेष्टा करायच्या. पण एकदा नागपूरला सामन्याच्या आधी आमच्या पांढऱ्या जर्सींवर कुणाच्या तरी ओढणीचा रंग उतरला आणि आख्खा संघ गुलाबी झाला. तेव्हा यादीतला एकोणिसावा नंबर, म्हणजे जुन्या जर्सींचा संच, बाहेर आला. त्या दिवसापासून चेष्टा थांबली नाही, पण खालच्या आवाजात व्हायला लागली.

माझ्या डायरीच्या शेवटच्या पानावर आणखी एक यादी असायची. डावीकडं बारा नावं, वर सामने, मधे चौकोन, उजवीकडं शेऱ्याचा रकाना. स्पर्धेत कोणत्या मुलीची फुली पडली आणि कुणाची राहिली, याचा हिशेब. ही पद्धत मी सुरू केली नाही, माझ्या आधीच्या कर्णधारानं मला सोपवली. कारण साधं होतं. खेळाडू म्हणून लागलेल्या मुलीला दोन वर्षं प्रोबेशन असे. या काळात ती अखिल भारतीय स्पर्धेत प्रत्यक्ष खेळली पाहिजे, तरच नोकरी कायम. संघाच्या यादीत नाव असून भागत नसे. आस्थापना शाखेतले लोक स्कोअरशीटची प्रत मागवत आणि बोट फिरवून चौकोन बघत. एका सामन्यात पाच सेकंद उतरली तरी चालेल, पण फुली पाहिजे.

म्हणून आमचा अलिखित नियम होता. साखळीतला एखादा सोपा सामना निघाला की शेवटच्या दोन-चार मिनिटांत आम्ही जुन्या जणी आपण होऊन बाहेर यायचो आणि नव्या मुलींना आत सोडायचो. प्रशिक्षक खंडागळे सरांना यात फारसं सांगावं लागत नसे. मी नुसती डायरी दाखवायची. ते म्हणायचे, "किती राहिल्या?" मी म्हणायची, "दोन." ते म्हणायचे, "घाल."

कौसल्या या यादीत आली ती माझ्यामुळंच.

पडेगावला माझ्या आत्याच्या शेजारी तिचं घर. शेतकरी कुटुंब, वडील एका कारखान्यात पाळीवर जायचे आणि उरलेल्या वेळात शेत बघायचे. मुलगी पाच फूट दहा इंच. कॉलेजकडून खेळायची, बरी खेळायची, हात लांब. मी तिच्या घरी गेले तर आईनं चहा टाकायच्या आधीच तक्रार सुरू केली.

"लई उंच झाली हो ताई. दारातनं वाकून येती. आता हिला नवरा कुठून आणावा?"

कौसल्या आतून म्हणाली, "स्टुलावर उभा करून आण."

"बघा. वरून तोंड बी असं."

मी म्हणाले, "काकू, नवऱ्याचं मला माहीत नाही. नोकरी मी आणते."

हे वाक्य माझं. चांगलं आठवतंय. काकूंनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "कायमची?"

"कायमची."

कौशी लागली. ऑफिसात माझ्याच टेबलाच्या मागं बसायची आणि कपाटावरच्या फाइली आता स्टुलाशिवाय निघायला लागल्या. पहिल्या वर्षी स्पर्धेच्या आधी तिला टायफॉइड झाला. म्हणजे राहिली दुसऱ्या वर्षीची एकच स्पर्धा. ती नेमकी आमच्या शहरात, गारखेड्यालाच होती. मी निश्चिंत होते. घरचं मैदान, साखळीत तीन सामने, त्यातला एक तरी सोपा असणारच.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सरावात कौशीचा घोटा मुरगळला. साखळीचे तिन्ही सामने ती पाय बादलीत बुडवून बसली. उपांत्य सामन्याला फिजिओनं सांगितलं, उद्या थोडं खेळेल. उद्या म्हणजे अंतिम सामना. मी डायरीत पाहिलं. अकरा नावांपुढं फुल्या होत्या. बाराव्या नावापुढं फुली नव्हती, फक्त शेरा: 'दुखापत'.

सकाळी मी खंडागळे सरांना म्हणाले, "सर, आज कौशी."

"फायनल आहे बाई."

"पाच सेकंद, सर. नोकरी आहे तिची."

"माहितेय. चवथ्या भागात बघू. संधी मिळाली की घालतो, शब्द."

कौशीची आई सामना बघायला पडेगावहून रिक्षा करून आली होती. पहिल्याच रांगेत बसली. लेकीनं जर्सी घातलेली पाहून तिनं पदर सारखा केला, जणू फोटोच काढणार आहे कुणी.

सामना पहिल्यापासून चुरशीचा झाला. दोन-दोन गुणांनी पुढं-मागं. सरांना मुद्दाम कुणाला बदलायची संधीच मिळेना, आणि खरं सांगायचं तर मीही मागं वळून पाहिलं नाही. शेवटच्या मिनिटात आम्ही पाच गुणांनी पुढं होतो. त्यांनी एक बास्केट केली, तीन उरले. आम्ही चेंडू आत टाकला, तो माझ्याकडं आला. घड्याळात तेवीस सेकंद होते.

इथं खेळ माहीत नसलेल्यांसाठी दोन गोष्टी सांगते. पहिली: चेंडू चोवीस सेकंदांच्या आत बास्केटकडं मारावा लागतो. पण सामन्याचेच चोवीसहून कमी सेकंद उरले असले, तर ज्याच्या हातात चेंडू आहे त्यानं तो नुसता राखला तरी चालतो. घड्याळ संपवणं, असं आम्ही म्हणायचो, आणि त्यात माझा हातखंडा होता. दुसरी: खेळाडू बदलायची असेल तर ती टेबलाजवळच्या खुर्चीवर येऊन बसते, आणि चेंडू थांबला तरच तिला आत घेतात. चेंडू बाहेर गेला, फाउल झाला, तर. खेळ चालू असेतोवर तिनं बसून राहायचं.

चेंडू माझ्या हातात आला त्याच क्षणी सरांना शब्द आठवला. त्यांनी कौशीला खुर्चीकडं पिटाळलं. मी डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला पळत जाताना पाहिलं. अंगावरचं जॅकेट तिनं धावता धावता काढलं.

त्यांच्या दोघी माझ्यावर आल्या. फाउल करून घड्याळ थांबवायचं त्यांना हवंच होतं. मी एकीला वळसा घातला, दुसरीच्या हाताखालून निघाले. पंधरा सेकंद. मी कडेच्या रेषेजवळ, टेबलासमोर आले. खुर्ची माझ्यापासून चार हातांवर. कौशी खुर्चीच्या टोकावर बसलेली, एक पाय पुढं, पळायच्या तयारीत. टेबलावर स्कोअरर अन्वर सर होते, बझरच्या बटणावर बोट ठेवून चेंडू थांबायची वाट बघत.

मला चेंडू फक्त रेषेबाहेर एक टप्पा टाकायचा होता. किंवा नुसतं अंगावर येणाऱ्या मुलीला अडवू द्यायचं होतं, तिनं फाउल केलाच असता.

पण आम्ही तीनच गुणांनी पुढं होतो आणि त्यांच्या नऊ नंबरनं त्या दिवशी लांबून, म्हणजे तीन-तीन गुणांच्या, तीन बास्केटी मारल्या होत्या. चेंडू त्यांच्याकडं गेला असता तर तीन गुण, बरोबरी, जादा वेळ, काय सांगावं. मी परत वळले. आठ सेकंद. परत रेषेजवळ आले. परत खुर्ची. परत वळले. बझर वाजला.

सगळ्या माझ्या अंगावर येऊन पडल्या. त्या ढिगाऱ्याखालून मला खुर्चीवरची कौशी दिसत होती. ती टाळ्या वाजवत होती. बसूनच.

पहिल्या रांगेतून तिची आई खाली आली. पदकांची गडबड चालली होती. काकूंनी मला धरलं. "ताई, जिंकलो ना? मग हिला खुर्चीवर बसवून का ठेवली व्हय? पळत गेली, मला वाटलं आता खेळतीया."

कौशी शेजारीच उभी होती. मी तिच्याकडं पाहून म्हणाले, "अगं, तू खुर्चीवर होतीस? मला दिसलंच नाही."

हे माझं दुसरं वाक्य. तेही चांगलं आठवतंय.

कौशी म्हणाली, "नाय दिसलं तर नाय दिसलं, ताई. चालतंय."

मुली कपडे बदलायला गेल्या तेव्हा मी टेबलाशी गेले. अन्वर सर गुलमंडीत कापडाचं दुकान चालवायचे आणि वर्षानुवर्षं शहरातल्या सगळ्या सामन्यांना टेबलावर बसायचे. माझ्या शाळेच्या वयापासूनची ओळख. लाल आणि निळी अशी दोन पेनं शर्टाच्या खिशात, अक्षर असं की स्कोअरशीट फ्रेम करून लावावी. ती शीट अजून पंचांच्या सहीला गेली नव्हती.

मी म्हणाले, "सर, बारा नंबरच्या चौकोनात एक फुली."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "ती उतरली का?"

"बसली होती ना खुर्चीवर. तुम्ही पाहिलंत."

"बैठी थी. उतरी नहीं."

"सर, नोकरी जाईल पोरीची."

त्यांनी पेन काढलं, टोपण काढलं, परत लावलं. म्हणाले, "उज्ज्वला बेटा, मेरे को भी बुरा लगता. पण ही एक फुली मी माझ्या मनानं मारली ना, तर आजवर मारलेल्या सगळ्या फुल्यांना काही मतलब नाही राहणार. तुझ्याही." मग पेन खिशात ठेवत, "चेंडू तुझ्या हातात होता."

मी म्हणाले, "मला दिसली नाही ती."

त्यांनी शीट पंचांकडं सरकवली.

महिन्याभरानं आस्थापना शाखेनं मला बोलावलं. तिथल्या अधीक्षक बाई कडक होत्या, पण कोरड्या नव्हत्या. त्यांनी कौशीची फाइल उघडी ठेवली होती.

"फुली नाही. मला कायम करता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण एक वाट आहे. ती खेळायला तयार होती, बोलावलेली होती, आणि संघाच्या हितासाठी कर्णधारानं तिला आत येऊ दिलं नाही, असं तुम्ही लेखी द्या. मग तो संघाचा निर्णय होतो, तिची उणीव नाही. एक वर्ष मुदतवाढ मागता येईल मला."

मी जागेवर येऊन कागद घेतला. मागच्या टेबलावर कौशी टपाल नोंदवत होती. तोवर माझं 'दिसली नाही' हे अकरा मुलींना, खंडागळे सरांना, अन्वर सरांना, घरी आणि स्वतःला इतक्यांदा सांगून झालं होतं की आता दिसली होती असं लिहिलं तर मी सगळ्यांशी खोटी ठरले असते. खात्याच्या मासिकात माझा चषकासह फोटो यायचा होता. मी लिहिलं: 'सदर खेळाडू बदलीसाठी उपस्थित असल्याचे खेळाच्या ओघात अनवधानाने माझ्या लक्षात आले नाही.'

अधीक्षक बाईंनी तो कागद वाचला. "अनवधान हा निर्णय नसतो," त्या म्हणाल्या. "पाठवते. पण उपयोग व्हायचा नाही."

झाला नाही. दीड महिन्यानं कौशीनं टेबलाचा ड्रॉवर रिकामा केला. माझ्या डायरीत त्या स्पर्धेच्या पानावर तिच्या नावापुढं शेरा होता: 'दुखापत'. मी तसंच ठेवलं होतं. यादी पूर्ण दिसते ना, मग झालं.

पुढची काही वर्षं मी तिला टाळलं, हे सरळ सांगते. पडेगावला आत्याकडं जायचं असलं की वेळ विचारून जायची. काकूंनी निरोप पाठवला होता, लग्नाला या. मी दौऱ्यावर होते. नवरा पाच फूट सातचा मिळाला, असं कळलं. स्टूल लागलं की नाही, विचारायची माझी हिंमत नव्हती.

मी निवृत्त झाले खेळातून, नोकरीतून नाही. आता शनिवार-रविवार जिल्ह्याच्या मुलींच्या संघाची व्यवस्थापक म्हणून जाते. सदतीस वस्तूंची यादी आता एकेचाळीसवर गेलीये. गेल्या वर्षी गारखेड्याला शालेय स्पर्धा होत्या. मी संघाची नावं द्यायला टेबलाशी गेले आणि मान वर केली तर समोर कौसल्या. खिशात लाल आणि निळं पेन.

अन्वर सर थकले तेव्हा त्यांनीच तिला टेबलाचं काम शिकवलं, असं तिनं सांगितलं. एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे आता. मधली सात वर्षं कंत्राटावर काढली. "लई शाळा फिरले," एवढंच म्हणाली. मुलगी आहे, सहावीत. उंच.

सामन्यात मध्यंतर झालं. मी पाणी देत होते. टेबलावरून हाक आली, "ताई!"

मी गेले. तिनं शीट माझ्याकडं वळवली आणि पेनानं दाखवलं. "तुमच्या तीन रिकाम्या हायेत. पाच, आठ आणि अकरा. मी सगळ्या संघांना मध्यंतराला सांगते. नियमात नाय, पण कुणी नको बी म्हणत नाय."

आम्ही तो सामना नऊ गुणांनी हरलो. तिन्ही मुली उतरल्या. अकरा नंबरची पोरगी शेवटच्या मिनिटाला उतरली आणि तिनं आनंदाच्या भरात पहिलाच चेंडू प्रेक्षकांत फेकला.

टेबल आवरताना मी कौशीजवळ थांबले. वीस वर्षं झाली असतील. मी म्हणाले, "कौशे, त्या फायनलला…"

"तुम्हाला दिसले होते मी," ती म्हणाली. शीटच्या प्रती वेगळ्या करत होती, मान वर नाही केली. "दोनदा बघितलं तुम्ही. एकदा पंधराला, एकदा आठला. मी घड्याळच बघत होते ना, दुसरं काम काय व्हतं मला."

मी टेबलाखाली पडलेलं पेनाचं टोपण उचलून तिच्यापुढं ठेवलं.

"त्याचं काय नाय, ताई. मी गार्ड असते तर मी बी चेंडू सोडला नसता. तीन गुणांवर कोण सोडतंय?" प्रती तिनं क्लिपला लावल्या. "पण मी येऊन सांगितलं असतं, की बाई, मी तुला बघितलं आणि नाय सोडला. आईला तेवढंच पाहिजे व्हतं. ती मरेपर्यंत म्हणायची, ताईला दिसली असती तर आत घेतलीच असती. म्हणायची, नशीब. मी कधी तिला खरं सांगितलं नाय."

"का?"

"तुम्ही तिला शब्द दिला व्हता ना. तो तिच्यासाठी खोटा कशाला करायचा."

मग तिनं माझ्या संघाची प्रत माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बघून घ्या, बारा आहेत का." मी मोजल्या. बारा होत्या.

घरी येऊन जुन्या डायऱ्यांच्या खोक्यातून ती डायरी काढली. पान सापडायला वेळ लागला नाही, माझ्या डायऱ्या वर्षाप्रमाणं लावलेल्या असतात. 'दुखापत' वर एक रेघ मारली. फुली मारली नाही, कारण ती उतरली नव्हती. चौकोन रिकामाच ठेवला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'पाहिलं होतं. दोनदा.' खाली सही केली.